डाव्या कड्याचा बंदोबस्त

राखीव अरण्याच्या कचेरीत ज्याला सगळे परवानेसाहेब म्हणत, त्याचं आडनाव परवाने नव्हतं. बावीस वर्षं तो खिडकीमागे बसून परवाने देत आला होता. तंबू ठोकायचा परवाना, नदीत होडी घालायचा परवाना, शेकोटी न पेटवण्याच्या अटीवर मुक्कामाचा परवाना. त्या बावीस वर्षांत मूळ आडनाव कधी गळून पडलं ते त्यालाही कळलं नाही. एकदा नव्या टपालवाल्यानं त्याच्या खऱ्या नावानं आलेलं पत्र ‘या नावाचा इसम इथे नाही’ असा शेरा मारून परत धाडलं.

“बरोबरच आहे त्याचं,” तो घरी बायकोला म्हणाला. “या इसमाचा पत्ता मलाही बरेच दिवस लागलेला नाही.”

हे त्याचं नेहमीचं. आपली टिंगल आपणच आधी करून टाकायची, म्हणजे दुसऱ्यासाठी काही उरत नाही. ही युक्ती तो नवव्या वर्षी शिकला. वसाहतीतल्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर तो पैजेनं चढला आणि मध्यावर पोचल्यावर त्यानं खाली पाहिलं. झालं, पाचावर धारण बसली. वर जाववेना, खाली येववेना. शेवटी वडिलांनी पाठुंगळी मारून उतरवलं, तेव्हा अख्खी वसाहत माना वर करून उभी होती. जमिनीला पाय लागताच हा म्हणाला, “टाकीतलं पाणी बघायला गेलो होतो, डोळ्यांतलंच दिसलं.” लोक हसले. पण हसवलेलं हसू आणि हसं होणं यांतला फरक त्या दिवशी त्याला नेमका कळला, आणि पुढची पंचेचाळीस वर्षं तो त्याच भांडवलावर जगला.

उंचीची भीती मात्र गेली नाही. घरातली ट्यूब बदलायची तर स्टुलावर बायको चढायची आणि हा स्टूल धरायचा. बायको मोटार चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून दिवसातून चाळीस वेळा मरणाच्या दारातून परत येणारी बाई ती, तिला स्टुलाचं काय! “अहो, नीट धरा,” ती वरून म्हणायची. “धरलंय,” हा खालून म्हणायचा, “स्टुलाला मी आणि मला स्टुलानं.”

अशा माणसाकडे कडे चढणाऱ्यांचा बंदोबस्त कसा आला, तर एका थेंबामुळे आला. वरून हुकूम सुटला होता की प्रत्येक राखीव अरण्यानं गिर्यारोहकांसाठी नियमावली करावी. जंगल जंगलच राहिलं पाहिजे, कड्यांत लोखंड ठोकून त्याची व्यायामशाळा होता कामा नये, पण ज्यांना कडे चढायचे त्यांनाही वाट असली पाहिजे, असा त्या हुकमाचा सारांश. मोठ्या साहेबांनी बैठकीत विचारलं, “हे काम कोण घेतं?” त्याबरोबर सगळ्या माना खाली गेल्या. परवानेसाहेबांचे डोळे तेव्हा आले होते, आणि नेमक्या त्याच क्षणी औषधाचा थेंब घालायला त्यांनी मान वर केली होती.

“शाब्बास,” साहेब म्हणाले.

“लोक उंटावरून शेळ्या हाकतात,” तो नंतर सगळ्यांना सांगत सुटला. “मी खुर्चीवरून कडे हाकणार. उंटावर चढायची माझी छाती नाही.”

पण काम त्यानं मन लावून केलं, हे कबूल केलं पाहिजे. त्यानं इतर ठिकाणच्या नियमावल्या मागवल्या, वाचल्या, तांबड्या पेन्सिलीनं खुणा केल्या आणि तीन महिन्यांत चौदा पानांचा मसुदा तयार केला. त्यात तेवीस नियम होते. त्याचा लाडका होता सातवा: ‘कड्यांमध्ये ठोकलेले सर्व धातूचे बोल्ट व कड्या तीस दिवसांच्या आत काढून टाकाव्यात.’ बोल्ट म्हणजे दोर अडकवण्यासाठी खडकात भोक पाडून कायमचा बसवलेला खिळा. जंगलात खिळा नको. यात न कळण्यासारखं काय आहे?

शिवाय कड्यांच्या बाबतीत त्याच्या पदरी एक यश आधीच जमा होतं. कचेरीपासून दीड तासाच्या चालीवर एक अरुंद घळ होती आणि तिच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन उंच कडे होते. चार वर्षांपूर्वी एका निवृत्त गणिताच्या सरांनी, जे उरलेला सगळा वेळ पक्षी बघण्यात घालवत, कचेरीला पत्र लिहिलं होतं: ‘घळीच्या डाव्या कड्यावर बहिरी ससाण्याचं घरटं आहे. अंडी-पिल्लांचे चार महिने तिथे माणूस फिरकता कामा नये.’ परवानेसाहेबांनी त्याच आठवड्यात डाव्या कड्याच्या पायथ्याशी लाल अक्षरांचा फलक रोवला आणि गिर्यारोहकांना त्या चार महिन्यांपुरतं उजव्या कड्याचे परवाने द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून वार्षिक अहवालात तो दर वर्षी लिहायचा, ‘डाव्या कड्यावर उल्लंघनाची एकही घटना नाही.’ हे वाक्य लिहिताना तो अक्षर जरा वळणदार काढायचा.

मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला कचेरीच्या लांबट खोलीत सभा झाली. साठ-सत्तर गिर्यारोहक आले होते. बराच आरडाओरडा झाल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. साठीच्या, काटक, नखांत काळं तेल मुरलेलं. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं शिलाई मशीन दुरुस्त करायचं दुकान होतं. पस्तीस वर्षं त्या हे कडे चढत होत्या आणि चढणारे सगळे त्यांना मावशी म्हणत.

“साहेब,” मावशी म्हणाल्या, “सातवा नियम तुम्ही लिहिलात?”

“होय.”

“दोराला लटकून कधी पाहिलंय?”

खोलीत हशा पिकला. याला स्वतःची टिंगल करायला उसंतच मिळाली नाही. दुसऱ्यानं आधी बाजी मारली की त्याचं डोकं फिरायचं. तो ताडकन म्हणाला, “नाही पाहिलं. पण पाहू की! कधीही पाहू!”

हात दाखवून अवलक्षण ते हेच. शेजारी बसलेल्या मोठ्या साहेबांनी लगेच कारकुनाला खूण केली, “घ्या इतिवृत्तात.” कागदावर चढलेली गोष्ट खाली उतरत नाही, हे परवानेसाहेबांइतकं कोणाला ठाऊक होतं?

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

“अहो, पण ट्यूबचं काय?” ती म्हणाली.

“कसली ट्यूब?”

“नाही, म्हटलं, आता तुम्हीच बदलाल.”

पुढच्या शनिवारी सकाळी मावशी त्याला उजव्या कड्याच्या मागच्या वाटेनं वर घेऊन गेल्या. माथ्यापर्यंत पायवाट होती, तिथवर त्याची बडबड चालू होती. कमरेला बांधायचा पट्टा त्यानं आधी उलटा घातला, मग सुलटा पण मागचा पुढे. मावशींनी न बोलता लहान मुलासारखं त्याला त्यातून काढलं आणि परत घातलं, प्रत्येक बंद दोनदा ओढून पाहिला.

“आता पाठ दरीकडे करायची आणि मागे रेलायचं,” त्या म्हणाल्या. “दोर माझ्या हातात आहे. मी सोडीन तसं खाली जायचं. वीसेक हातांवर एक फळीएवढी जागा आहे, तिथे थांबायचं.”

“फळी केवढी?”

“तुमच्या टेबलाएवढी.”

“माझ्या टेबलावर बसायला जागा नाही,” तो म्हणाला, आणि तिथे त्याचे विनोद संपले.

कड्याच्या काठावर त्याचे गुडघे असे लटलटायला लागले की चड्डीची शिवण दिसेना. मावशींनी खाली वाकून पाहिलं. “हे बिघडलं तर काळजी नाही,” त्या म्हणाल्या. “मशीनचंच काम माझं.” लोक म्हणतात, पायाखालची जमीन सरकली. इथे सरकायला जमीनच नव्हती. तो डोळे मिटून मागे रेलला, बूट नसते तर पायाच्या बोटांनीही खडक धरला असता, आणि पोटातून एक लांबट आवाज काढत, शेवाळाला गुडघे घासत, एकदाचा त्या फळीवर जाऊन पोचला. मागोमाग मावशी दोरावरून अशा उतरल्या जशी एखादी बाई जिना उतरून दूध घ्यायला येते.

फळीवर खडकात दोन जाडसर बोल्ट होते. मावशींनी त्याला त्यांना अडकवलं. मग वरचा दोर ओढून घेतला आणि तोही त्याच बोल्टांमधून ओवला.

“इथून पुढे जमिनीपर्यंत साठ हात,” त्या म्हणाल्या.

परवानेसाहेबांनी एक डोळा उघडला. “हे दोन... हे कुठले?”

“सातव्या नियमातले. काढायचे का आत्ता?”

त्यानं दोन्ही हातांनी एक बोल्ट धरला. त्याच्या आयुष्यात दोन गोष्टींना त्यानं इतकं घट्ट धरलं होतं, एक ती टाकीची शिडी आणि दुसरा हा बोल्ट. मावशींनी मग त्याला फळीच्या टोकाचं झाड दाखवलं. खडकाच्या फटीतून निघालेलं, हातभर जाड, म्हातारं आणि वाकडं झाड. एका अंगाची साल पूर्ण सोलवटलेली, त्या बाजूच्या फांद्या वाळून खडखडीत झालेल्या.

“बोल्ट नव्हते तेव्हा सगळे दोर याच्याभोवती पडायचे. मीही टाकलेत. दोर ओढला की साल निघायची. दहा वर्षांत अर्धं मेलं. मग हे दोन ठोकले, हातोड्यानं, एकेक भोक तासभर. तेव्हापासून याला कोणी हात लावलेला नाही. तुम्ही बोल्ट काढा, आम्ही पुन्हा झाडाला दोर बांधू. दुसरं आहे काय इथे?”

तेवीस नियमांत झाड कुठेच नव्हतं.

थोडा धीर आल्यावर त्यानं कड्याच्या आडव्या रेषेत पुढे जाणारी एक अरुंद पट्टी पाहिली आणि साहेबी आवाज शोधत विचारलं, “ती वाट कुठे जाते? तपासणीच करायची तर तिकडेही...”

“तिकडे नाही जायचं.”

“का? उजवा कडा खुला आहे. नियमानं परवानगी आहे.”

“नियमानं आहे हो,” मावशी म्हणाल्या. “त्यांना विचारा.” आणि गळ्यातली दुर्बीण काढून त्याच्या हातात दिली.

कड्याच्या फुगवट्यापलीकडे, दीडशे पावलांवर, खडकावरून पांढरे ओघळ उतरले होते, जसा कोणी चुन्याचा डबा उपडा केला असावा. ओघळांच्या वर एक खोबण होती. खोबणीत कापसाच्या बोळ्यांसारखं काहीतरी हललं. एक, दोन. आणि त्यांच्या वर हवेत राखाडी पाठीचा मोठा पक्षी कर्कश ओरडत घिरट्या घालत होता, मधूनच पंख मिटून दगडासारखा खाली कोसळत होता. तो कोसळत होता दोन माणसांवर. खोबणीच्या खाली जेमतेम तीन माणसांच्या उंचीवर दोघे जण दोरावर चढत होते, हेल्मेटवर हात धरून.

“हे कोण?” त्यानं विचारलं.

“तुम्हालाच ठाऊक. सही तुमची.”

त्याला आठवलं. बुधवारी दुपारी, खिडकीत, दोन परवाने.

“पण घरटं तर डाव्या कड्यावर आहे,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता समोर, घळीपलीकडे, त्यानं चार वर्षं राखलेल्या डाव्या कड्याकडे पाहिलं. कडा ओकाबोका होता. एक पांढरा ठिपकासुद्धा नव्हता.

“त्या कड्यावर मी पस्तीस वर्षांत कबुतरही पाहिलेलं नाही,” मावशी म्हणाल्या. “तुम्हाला दोन पत्रं घातली होती. आमच्यातल्या जुन्यांनी आपणहून त्या अंगाला जाणं सोडलं. नव्यांना मी दर शनिवारी खाली बसून सांगते. काही ऐकतात. काही म्हणतात, साहेबांची सही आहे.”

तेव्हा परवानेसाहेबांनी काय केलं ते त्यांनी स्वतः कधी कोणाला सांगितलं नाही. मावशी सांगतात. त्यानं डाव्या हातानं बोल्ट धरला, डोळे गच्च मिटले आणि सगळा जीव गोळा करून तो ओरडला, “खाली उतरा!”

पलीकडून आवाज आला, “परवाना आहे!”

“रद्द!”

“कोणी केला?”

“मी!” आवाज फाटून किनरा झाला. “मीच दिला, मीच रद्द केला! उतरा आधी!”

दोघांनी वर पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि बडबडत का होईना, उतरायला लागले. खाली पोचेपर्यंत त्यांना वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ याचे डोळे मिटलेलेच होते. “उतरले?” तो दर मिनिटाला विचारत होता.

मावशींनी त्यालाही खाली सोडलं. पायथ्याशी तो गवतात बसला, गुडघ्यातून रक्त येत होतं, आणि जरा दम येताच त्याची जुनी सवय परत आली.

“म्हणजे बघा,” तो म्हणाला, “चार वर्षं मी रिकाम्या भिंतीवर पहारा केला. एकही उल्लंघन नाही, हे लिहिलं ते खोटं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात, इथे तर कळसा शेजारच्याच्या काखेत आणि वळसा मी...”

मावशी हसल्या नाहीत. दोर गुंडाळत होत्या, त्यांनी हात थांबवला.

“दुसऱ्या वर्षी तीन अंडी होती,” त्या म्हणाल्या. “खाली दिवसभर माणसं. मादी बसायची, उठायची, ओरडायची. थंड पडली अंडी. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी दुर्बिणीतून पाहत होते.” मग दोराचं वेटोळं पाठीवर टाकत त्या म्हणाल्या, “साहेब, तुम्ही फार पटकन हसता स्वतःला. समोरच्याला रागवायला वेळच देत नाही.”

घरी परत येताना तो वाटेत एक अक्षर बोलला नाही, कारण बोलायला बरोबर कोणी नव्हतंच. मावशी पुढे निघून गेल्या होत्या.

सोमवारी त्यानं फाइल काढली. मावशींची दोन्ही पत्रं त्यात होती, स्वच्छ अक्षरात: ‘ससाणा उजव्या कड्यावर आहे, कृपया येऊन पाहावे.’ दोन्हींवर त्याच्याच हस्ताक्षरात शेरा होता: ‘अर्ज विहित नमुन्यात नाही. सबब दप्तरी दाखल.’ अक्षर वळणदार होतं.

त्यानं गणिताच्या सरांना फोन लावला. सर आता लेकीकडे, दूरच्या शहरात राहत होते.

“सर, ते घरटं तुम्ही डाव्या कड्यावर लिहिलंत. डावा म्हणजे कोणाचा डावा?”

“माझा,” सर म्हणाले. “दुसऱ्या कोणाचा असणार?”

“तुम्ही कुठे उभे होतात?”

“वर, घळीच्या माथ्यावर. दुर्बीण घेऊन. पक्षी बघायला माणूस वर जातो.”

“मी खालून वाचलं, सर.”

मग सर अगदी हळू म्हणाले, “तोंड कुणीकडे ते लिहायला हवं होतं मी. पोरांचे मार्क कापायचो एवढ्यासाठी.” आणि मग, “पण तुम्ही येऊन बघितलं असेल ना? फलक लावताना?”

फलक पायथ्याशी लावतात. पायथ्यावरून वर बघायला मान मोडते. त्यानं बघितलं नव्हतं. त्यानं तसं सरांना सांगितलं.

रात्रीच्या जेवणाआधी बायको ओट्यापाशी भाजी चिरत होती. तो शेजारी उभा राहिला आणि सगळं ओकून मोकळा झाला. मग म्हणाला, “फलक उचलून पलीकडे लावला तर? उद्याच. कोणाला कळायचं कारण नाही. नियमावली तर अजून मसुदाच आहे.”

“माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात एकदा तरी कुंपणाला गाडी घासतो,” ती सुरी न थांबवता म्हणाली. “आणि उतरून पहिलं काय करतो माहीत आहे? तो ओरखडा बोटानं पुसतो. पुसला जात नाही. तरी पुसतो.”

“मग तू काय म्हणतेस त्याला?”

“काही नाही. बघत उभी राहते. दमला की कुंपणाच्या मालकाला हाक मारतो.”

फलक त्यानं दुसऱ्या दिवशी पलीकडे हलवलाच. उजवा कडा त्याच सकाळी बंद केला, दिलेले सगळे परवाने फोन करून एकेक रद्द केले. पण गुपचूप नाही. त्याआधी तो मोठ्या साहेबांच्या खोलीत गेला.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि म्हणाले, “होतं असं. सभेत एवढंच सांगा, ‘नव्या निरीक्षणांच्या आधारे बंदीच्या जागेत बदल करण्यात येत आहे.’ यात खोटं काय आहे?”

खोटं काहीच नव्हतं. वाक्य तर इतकं सुबक होतं की आपल्याला कसं सुचलं नाही याचं त्याला वाईट वाटलं. त्यानं ते टंकून घेतलं.

दहा दिवसांनी दुसरी सभा झाली. तीच लांबट खोली, तेच साठ-सत्तर जण, पहिल्या रांगेत त्या दिवशीचे ते दोघे, मागे मावशी. तो उभा राहिला, कागद धरला आणि वाचायला लागला, “नव्या निरीक्षणांच्या आधारे...” तिथे अडला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडला. मग कागद त्यानं टेबलावर पालथा ठेवला.

“निरीक्षण नवं नाही,” तो म्हणाला. “चार वर्षं जुनं आहे. पत्रात डावा कडा लिहिला होता, तो मी चुकीच्या बाजूनं वाचला. जाऊन पाहिलं नाही, कारण मला उंचीची भीती वाटते. या बाईंनी दोनदा लिहून कळवलं, ती पत्रं मी नमुन्यात नाहीत म्हणून बाजूला टाकली. ज्या कड्यावर पक्षी होता तिथे मी माणसं पाठवत राहिलो. दोन वर्षं अंडी वाया गेली.”

विनोद जिभेवर आला होता, चांगला होता, रिकाम्या भिंतीचाच होता. त्यानं तो गिळला. खोलीत शांतता पसरली आणि ती त्याला सोसेना, तरी तो उभा राहिला.

पहिल्या रांगेतला एक जण उठला. “आम्ही नियम पाळणारी माणसं,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढत गेला. “तुमच्या सहीवर विसंबून गेलो. मला वाटलं, पक्षी पिसाळलाय. मी त्याला दगड मारायला निघालो होतो, माहीत आहे?” तो बरंच बोलला. परवानेसाहेबांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. बोलून झाल्यावर तो माणूस दमून खाली बसला, आणि मग कोणीतरी विचारलं, “बरं, आता पुढे काय करायचं?”

पुढे जे केलं ते बरंचसं मावशींच्या दुकानात झालं. उघड्या पोटाच्या शिलाई मशीनांच्या मधोमध स्टुलावर बसून तो मसुदा वाचायचा आणि त्या मशीनमध्ये तेल सोडता सोडता नको म्हणायच्या. तेवीसचे नऊ नियम झाले. सातवा असा झाला: उतरायला दुसरा उपाय नाही तिथले जुने बोल्ट राहतील, नवा ठोकायचा तर आधी विचारायचं, यंत्रानं भोक पाडायचं नाही, आणि चकाकणारा बोल्ट चालणार नाही, खडकाच्या रंगाचा हवा. बंदीचा कडा दर वर्षी आधी डोळ्यांनी पाहून ठरवायचा. ‘डोळ्यांनी’ हा शब्द मोठ्या साहेबांनी खोडला आणि त्यानं परत लिहिला. एका मुद्द्यावर मावशी हरल्या: त्यांना उंच सुळक्यावर तीन नवे बोल्ट हवे होते, ते त्यानं दिले नाहीत. “तिथे झाड नाही,” तो म्हणाला. “आणि तुम्ही पस्तीस वर्षं त्याशिवायच चढताय.” त्या आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत.

त्याच्या नावावर ठपका आला, नोंदवहीत कायमचा. तो त्यानं बायकोला वाचून दाखवला. “भाषा चांगली आहे,” तो म्हणाला. “मीच घालून दिलेला नमुना.” सरांना त्यानं लांबलचक पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, त्यात घळीचा नकाशा होता, बाण काढून उत्तर दिशा दाखवलेली, तीनदा अधोरेखित.

उंची त्याला अजूनही सोसत नाही. वर्षातून एकदा बोल्ट तपासायला तो मावशींबरोबर त्या फळीवर जातो, तोच लांबट आवाज काढत. माथ्यावर थांबलेले चढणारे त्या आवाजावर पैजा लावतात, कितव्या हातावर सुरू होईल म्हणून. त्याला ठाऊक आहे. एकदा तर त्यानं स्वतःही पैज लावली आणि हरला.

त्या पहिल्या वर्षी मात्र, सभेनंतर चारेक आठवड्यांनी, मावशींचा निरोप आला: पिल्लं काठावर यायला लागलीत. त्यानं दोन दिवसांची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहिलं. साहेबांनी अर्जाकडे पाहिलं, त्याच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे पाहिलं आणि सही केली.

घळीच्या या टोकाला, लांब, एका दगडावर तो, बायको आणि मावशी बसून राहिले. पहिलं पिल्लू सकाळीच उडालं आणि कड्यामागे दिसेनासं झालं. दुसरं काठावर आलं, पंख फडफडवले, खाली पाहिलं आणि मागे सरकलं. पुन्हा आलं, पुन्हा सरकलं. दुपार झाली. मादी समोरून पंजात काहीतरी घेऊन जायची, दाखवायची आणि न देता निघून जायची.

“शिकवतेय,” बायको म्हणाली.

“छळतेय,” तो म्हणाला.

“एकच.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पडलं. उडालं म्हणता येणार नाही, पडलंच. तिरकं, वेडंवाकडं, एक पंख आधी उघडत आणि दुसरा विसरत, खडकाला घासत ते खालच्या झुडपात जाऊन कोसळलं. तिघेही उठून उभे राहिले. मावशींनी त्याचा दंड धरला, तो धावत सुटेल म्हणून. झुडूप बराच वेळ हललं नाही. मग हललं. पिल्लू बाहेर आलं, पिसं विस्कटलेली, आणि उतारावरून पायांनी, कोंबडीसारखं, एकेक पाऊल टाकत वर चढायला लागलं. एका उघड्या दगडावर जाऊन ते बसलं आणि मोठ्यानं ओरडलं.

मादी आली, त्याच्यासमोर भक्ष्य टाकलं आणि निघून गेली. ते खायला लागलं.

“बसा आता,” मावशी म्हणाल्या.

तो बसला. बायकोनं डबा उघडला आणि तिघांनी तिथेच, दगडावर, दुर्बीण आळीपाळीनं फिरवत जेवण केलं.